चित्रकथांचं टपाल: ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ परत आलंय

या वेळी बहुतेक पत्रं छोट्या प्रकाशकांबद्दल आली आहेत, याचा मला फार आनंद झाला. सुपरहिरोंविषयीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न: नर्मदेच्या धरणावर तीसेक वर्षांपूर्वी एक कॉमिक निघालं होतं, असं आमच्या सरांनी सांगितलं. ते आता कुठेच मिळत नाही. कुणी म्हणतं नवी आवृत्ती आली आहे. खरं काय? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, शहादा)

खरं आहे. पुस्तकाचं नाव ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’, चित्रकार-लेखक ओरिजित सेन. पहिल्यांदा ते १९९४ साली आलं आणि २०२२ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट या छोट्या प्रकाशनाने ते पुन्हा छापलं. मधली अठ्ठावीस वर्षं ते नव्याने कुणाच्या हाती लागणं जवळजवळ अशक्य होतं. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी (म्हणजे चित्रचौकटींत सांगितलेली सलग, मोठी कथा) म्हणून त्याचं नाव सगळे घेत, पण प्रत्यक्ष वाचलेली माणसं मोजकीच भेटत.

असं का झालं, तेही सांगते. पहिली आवृत्ती काढली ती ‘कल्पवृक्ष’ने. दिल्लीतल्या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला हा पर्यावरण गट. आता त्यांचं काम पुण्यातूनही चालतं. त्यांनी हे पुस्तक काढलं हे त्यांचं मोठेपण, पण पुस्तकं विकणं हा काही त्यांचा धंदा नव्हता. विक्रेत्यांचं जाळं नाही, आणि दुकानदारालाही हे कोणत्या फळीवर ठेवायचं ते कळेना. आवृत्ती संपली आणि पुस्तकही संपलं. म्हणून मला वाटतं, छोट्या प्रकाशकाने नवं पुस्तक काढल्याची बातमी मोठी असतेच, पण त्याने एखादं हरवलेलं पुस्तक परत छापल्याची बातमी त्याहून मोठी. नव्या पुस्तकाचा थोडाफार गाजावाजा होतो. पुनर्मुद्रणाची दोन ओळींची दखलही कुणी घेत नाही.

तुमच्याकडे या पुस्तकाचं मोल वेगळंच आहे. त्यात नर्मदेला रेवा म्हटलंय आणि कथा काल्पनिक आहे, पण ती वाचताना अक्कलकुवा आणि धडगावची बुडितातली गावं डोळ्यांपुढे येतात. पुस्तक पहिल्यांदा निघालं तेव्हा नंदुरबार जिल्हाही वेगळा झाला नव्हता. ही सगळी गावं धुळे जिल्ह्यातच मोडत. कथेचे दोन धागे आहेत. एकीकडे शहरातला तरुण पत्रकार विष्णू रेवा आंदोलनाचा शोध घेत निघतो. दुसरीकडे मलगू गायन हा गायक जगाच्या उत्पत्तीची गोष्ट गातो. गाणं सुरू झालं की रेषाच बदलते: पत्रकाराच्या पानांवर चौकटी नीट आखलेल्या, आणि गायकाच्या पानांवर नदी, झाडं, जनावरं एकमेकांत मिसळून पानभर पसरलेली. पानं उलटताना धाग्याचा बदल आधी डोळ्याला कळतो, मजकूर नंतर वाचला जातो. तुमच्या ग्रंथपालांना ब्लाफ्टकडून थेट मागवायला सांगा. आणि एवढ्यावर थांबू नका: ज्या घरांत बुडिताच्या आठवणी आहेत, तिथे ते घेऊन जा आणि चित्रं दाखवून त्यांना काय वाटतं ते विचारा. मला ते वाचायला फार आवडेल.

प्रश्न: आठवीच्या वर्गासाठी बाबासाहेबांवरचं ‘भीमायन’ घ्यावं असं मनात आहे. पण चाळून पाहिलं तर चौकटी नाहीत, चित्रं विचित्र वाटली. मुलांना झेपेल का? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

मुलांना झेपेल. वेळ लागतो तो आपल्याला, कारण आपण ‘अमर चित्र कथा’ वाचत वाढलो.

हे पुस्तक ‘नवयान’ने २०११ मध्ये काढलं. जातिप्रश्नावरच्या पुस्तकांसाठी २००३ मध्ये सुरू झालेलं हे स्वतंत्र प्रकाशन. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं मध्य प्रदेशातल्या परधान गोंड या आदिवासी चित्रपरंपरेतल्या दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. माणसांना चौकटीत कोंडायला या दोघांनी नकार दिला, म्हणून पानांची विभागणी केली आहे ती भिंती-अंगणात काढतात त्या ‘दिग्ना’च्या नक्षीने.

वर्गात सुरुवात संवादांच्या फुग्यांपासून करा. मायेने, साधेपणाने बोललेले शब्द पक्ष्याच्या आकारात आहेत. अपमानाच्या बोलण्याला विंचवाची नांगी आहे. मनातल्या विचारांच्या फुग्याला डोळा आहे. एवढं सांगून पुस्तक मुलांच्या हातात द्या आणि कोण कुणाला नांगी मारतंय ते शोधायला लावा. मजकूर इंग्रजीत आहे, पण वाक्यं छोटी आहेत. आणि नांगी वाचायला इंग्रजी लागत नाही.

तुम्ही साताऱ्याच्या, म्हणून आणखी एक सुचवते. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींमध्ये १९०१ सालचा प्रसंग लिहिलाय: वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली मुलं मसूर स्टेशनावर उतरतात, जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो, दुप्पट भाडं देऊ केल्यावरही गाडीवान शेजारी बसत नाही, मुलांनाच गाडी हाकावी लागते. सोबत जेवण आहे आणि प्यायला पाणी नाही. मसूर तुमच्याच जिल्ह्यातलं. तो मजकूर मराठीत मोठ्याने वाचा आणि समोर ‘भीमायन’मधली चित्रं उघडी ठेवा.

‘नवयान’नेच त्याच वर्षी ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ काढलं. लेखन श्रीविद्या नटराजन, चित्रं अपराजिता नैनन. जोतीरावांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वर बेतलेलं आहे. ते नववी-दहावीसाठी ठेवा. ‘गुलामगिरी’ मुळात जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातच लिहिलेली, त्यामुळे तिच्यात कॉमिकच्या फुग्यांची सोय आधीपासूनच होती असं मला ती वाचताना नेहमी वाटतं.

प्रश्न: ही पुस्तकं इतकी महाग का? (ठाणे)

मी छापखान्यात प्रीप्रेसचं, म्हणजे छपाईआधी पानं तयार करण्याचं काम करते, तेव्हा हे हिशेबानेच सांगते. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे कागदाच्या एका बाजूला आठ पानं आणि दुसऱ्या बाजूला आठ. छपाई होते ती धातूच्या प्लेटांवरून, कागदाच्या प्रत्येक बाजूला प्रत्येक रंगाची एक. म्हणून एकरंगी छपाईत फर्म्याला दोन प्लेटा लागतात, चाररंगीत आठ. चौसष्ट पानी पुस्तकाचे चार फर्मे. काळ्या-पांढऱ्यात आठ प्लेटा, रंगीतात बत्तीस. पाचशे प्रती छापा की पन्नास हजार, प्लेटांचा खर्च सुरुवातीला तेवढाच होतो. मोठ्या कंपनीत तो पन्नास हजारांवर वाटला जातो, छोट्याकडे पाचशेंवर. त्यात चित्रकाराचं दोन-तीन वर्षांचं काम आणि दुकानदाराचं कमिशन धरा. छोट्या प्रकाशकांची इतकी पुस्तकं काळी-पांढरी का असतात, त्याचंही एक कारण हेच.

प्रश्न: पुस्तक यायच्या आधीच पैसे भरा म्हणतात. भरावेत का? (कोल्हापूर)

ज्यांनी याआधी सांगितलेली पुस्तकं घरपोच दिली आहेत, त्यांच्याकडे जरूर भरा. आगाऊ नोंदणीवरूनच किती छापायचं ते ठरतं. अमेरिकेतल्या सिॲटलची फँटाग्राफिक्स ही १९७६ मध्ये सुरू झालेली प्रकाशनसंस्था स्वतंत्र कॉमिक्स काढते आणि जगभर तिचं नाव आहे. तिथले सहप्रकाशक किम थॉम्प्सन जून २०१३ मध्ये कर्करोगाने गेले. त्यांच्या हातातली पुस्तकं अडली आणि पुढच्या हंगामाचा खर्च उभा राहीना. तेव्हा प्रकाशनाने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर वाचकांकडे १,५०,००० डॉलर मागितले, येणारी पुस्तकं आगाऊ देऊ करून. वाचकांनी त्याहून जास्त दिले. एवढ्या जुन्या प्रकाशनाला हे करावं लागतं, तर आपल्याकडच्या दोन-तीन माणसांच्या प्रकाशनाला आगाऊ नोंदणी किती आधाराची असेल ते बघा.

प्रश्न: नव्या पुस्तकांच्या बातम्या कुठे कळतील? (नाशिक)

प्रकाशकांच्या ईमेल यादीत नाव घाला, चित्रकारांना इन्स्टाग्रामवर फॉलो करा. इंडी कॉमिक्स फेस्ट या स्वतंत्र कॉमिक्सच्या मेळाव्याची तारीख कळली की जा. तिथे टेबलामागे चित्रकार स्वतः बसलेले असतात. घरात किशोरवयीन मूल असेल तर ओरिजित सेन यांच्या संपादनाखाली २०२१ मध्ये सुरू झालेलं ‘कॉमिक्सेन्स’ हे इंग्रजी त्रैमासिक बघा.

प्रश्न: ताई, मी यंत्रमागावर काम करणाऱ्यांवर चाळीस पानांचं कॉमिक काढलंय, मराठीत. कुणाला दाखवू? (वय १९, इचलकरंजी)

आधी आठ पानं वाढव किंवा कमी कर. चाळीसात अडीच फर्मे होतात, आणि अर्ध्या फर्म्याला छापखाना नेहमी कुरकुरतो. बत्तीस किंवा अठ्ठेचाळीस बरं. मला विचारशील तर अठ्ठेचाळीस कर, कारण तू पाठवलेल्या पानांत पाळी बदलतानाचा प्रसंग दोनच पानांत उरकलाय आणि तोच सगळ्यात जिवंत आहे. भोंगा, मागाखालचा अंधार, रात्रीच्या माणसाने सकाळच्या माणसाला तुटलेल्या धाग्याबद्दल सांगणं, याला जागा दे.

दुसरं, फुगे आधी काढून त्यात मजकूर कोंबू नकोस. देवनागरीला खाली उकार आणि वर वेलांटी-अनुस्वार असतात. इंग्रजी कॉमिकइतक्या जवळ ओळी घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. तुझ्या अकराव्या पानावर नेमकं तेच झालंय. आधी मजकूर लिही, ओळींत मोकळी जागा ठेव, मग त्याभोवती फुगा काढ. अक्षर हातानेच ठेव, तुझं अक्षर सुंदर आहे. पानं सहाशे डीपीआयवर (इंचाला सहाशे ठिपके) स्कॅन कर आणि मूळ कागद कुणालाही देऊ नकोस, मलासुद्धा नाही.

प्रकाशक शोधण्याआधी डिजिटल छपाईवर पन्नास प्रती काढ. त्याला प्लेटा लागत नाहीत. त्यातल्या दहा कारखान्यात वाट, एक मला पाठव. बाकीच्या फेस्टमध्ये टेबलावर मांड. छोटे प्रकाशक तिथे फिरत असतात आणि मराठीतलं काही दिसलं तर नक्की थांबतील.