अंथरुणावरूनही आंदोलन होतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटी बहीण इंग्लंडमध्ये, तिला एमएस हा मज्जासंस्थेचा आजार, पिप या अपंगांसाठीच्या सरकारी भत्त्यावर तिचं बरंच काही चालतं, आणि भत्तेकपातीविरुद्धच्या आंदोलनात तिला उतरायचंय. तिला धास्ती अशी, की मोर्चात दिसले तर "फिरता येतंय की" म्हणून आहे तेही काढून घेतील. आणि तुम्हाला वाटतं, दिवसाचे चौदा तास पडून असणारी मुलगी सरकारचं काय वाकडं करणार?

मी मँचेस्टरजवळच्या एका लहानशा गटात २०११पासून आहे. मला संधिवात आहे, बोटं वळत नाहीत, हे उत्तरसुद्धा फोनला सांगून तीन दिवसांत तुकड्यातुकड्यांनी लिहून घेतलंय. तुमच्या शंकेचं उत्तर आधी देते. वाकडं करता येतं, केलेलं आहे, आणि त्यातलं कितीतरी काम पडूनच झालंय.

(मी "अपंग" म्हणते, "दिव्यांग" नाही. इथल्या चळवळीचं म्हणणंच असं आहे की शरीरात उणं असेल ते असेल, पण अपंग करतात ते जिने, फॉर्म आणि नियम. त्या शब्दावर मला गोड लेप नको आहे.)

थोडी पार्श्वभूमी. ऑक्टोबर २०१०मध्ये बर्मिंगहॅमला हुजूर पक्षाचं अधिवेशन चालू असताना बाहेर अपंगांनी निदर्शनं केली, आणि त्यातून 'डिसेबल्ड पीपल अगेन्स्ट कट्स' ही संघटना उभी राहिली. सगळे तिला डीपॅक म्हणतात. रस्त्यावरची बरीच कामं तिने केली. २८ जानेवारी २०१२ला लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसला व्हीलचेअर साखळीने एकमेकींना बांधून लोकांनी रस्ता अडवला, त्याचे फोटो तुम्ही कदाचित पाहिले असतील. आमच्या गटातले दोघं तिथे होते. मी नव्हते, मला त्या थंडीत ते झेपलं नसतं.

पण मला लख्ख आठवतो तो त्याच्या आधीचा, ९ जानेवारीचा दिवस. जुना डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स बंद करून त्याजागी पिप आणायचं घाटत होतं. सरकारने लोकांची मतं मागवली होती. आलेला विरोध सरकारने फार सौम्य करून मांडला, अशी शंका स्यू मार्श, कलिया फ्रँकलिन आणि त्यांच्यासारख्या काही आजारी, अपंग लोकांना आली. त्यांनी माहितीच्या अधिकारात संस्थांचे मूळ अभिप्रायच मागवून घेतले आणि जमेल तेव्हा, जमेल तेवढे, एकेक करून वाचून काढले. पैसे लोकांकडून थोडे थोडे जमवले. निघालं काय? योजनेला पूर्ण पाठिंबा देणाऱ्या संस्था होत्या फक्त ७ टक्के. भत्ता मिळण्याआधी तीन महिने आजारी असण्याची अट सहा महिन्यांवर न्यायची होती, तिला विरोध होता ९८ टक्क्यांचा. या अहवालाला सगळे 'स्पार्टाकस रिपोर्ट' म्हणू लागले. तो बाहेर पडला त्या दिवशी मी उताणी पडून, छातीवर उशी, उशीवर फोन, एका बोटाने त्यातला एकेक आकडा ट्विटरवर टाकत होते. माझ्यासारखे असंख्य लोक होते. दोन दिवसांनी संसदेच्या वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, सरकार भत्तेकपातीच्या त्याच विधेयकावर एकाच रात्री तीन मतदानं हरलं.

ते पराभव पुढे खालच्या सभागृहाने, कॉमन्सने फिरवले आणि मार्चमध्ये कायदा झालाच, हेही सांगायला हवं. पण सहा महिन्यांची अट सरकारने सोडली. आजही पिपसाठी ती तीन महिन्यांचीच आहे. तुमच्या बहिणीलाही अर्ज करताना तीच लागू झाली असणार.

हरलेलोही आहोत, आणि त्यातली एक हार मला अजून सलते. इंडिपेंडंट लिव्हिंग फंड १९८८पासून होता. ज्यांना खूप मदत लागते अशा सुमारे १८ हजार लोकांना त्यातून स्वतःचे मदतनीस ठेवता यायचे, म्हणजे संस्थेत न जाता स्वतःच्या घरात राहता यायचं. तो बंद करायचा निर्णय झाला तेव्हा पाच जण कोर्टात गेले आणि नोव्हेंबर २०१३मध्ये अपील कोर्टात जिंकले. अपंगांवर काय परिणाम होईल याचा कायद्याने करायला हवा तसा विचार मंत्र्यांनी केलेला नाही, असं कोर्टाने म्हटलं. आम्ही रडलो होतो आनंदाने. चारच महिन्यांत सरकारने "आता विचार केला" म्हणत तोच निर्णय पुन्हा घेतला. जून २०१५मध्ये पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं चालू असताना व्हीलचेअरवरचे लोक थेट कॉमन्सच्या दारापर्यंत धडकले, पण त्याच महिन्याच्या ३० तारखेला फंड बंद झाला. कोर्ट बहुतेक वेळा फक्त पद्धत चुकली एवढंच सांगतं. निर्णय नीट पद्धतीने पुन्हा घेता येतो. म्हणून कोर्टात जिंकल्यावर घरी जायचं नसतं.

तरी कोर्टाची वाट सोडूही नये. जानेवारी २०२५मध्ये डीपॅकच्या एलन क्लिफर्ड यांच्या दाव्यात हायकोर्टाने कामाच्या क्षमतेच्या तपासणीत करायच्या बदलांवरची मतमागणी बेकायदा ठरवली. पैसे वाचवणं हा मुख्य हेतू होता आणि तो लोकांपासून झाकला होता, वेळही अपुरा दिला होता.

आता २०२५चंच पुढचं, कारण तुमच्या बहिणीची काळजी तिथूनच आलेली दिसते. पिपमध्ये दैनंदिन कामांसाठी एकूण ८ गुण लागतात. मार्चमध्ये सरकारने ठरवलं की त्यात एका तरी कामात ४ गुण हवेतच. वाचायला किरकोळ वाटतं. पण केस किंवा कमरेखालचं अंग धुवायला दुसऱ्याची मदत लागली तर २ गुण मिळतात आणि खांद्यापासून कमरेपर्यंतचं धुवायला लागली तर ४. म्हणजे अंघोळ, कपडे, स्वयंपाक, संडास या प्रत्येकात २-२ गुण असलेल्या बाईला, जिला चारही कामांत अडतं, दैनंदिन कामांसाठी शून्य पौंड मिळाले असते.

आम्ही नेमकं हेच धरलं. खासदाराच्या कचेरीसमोर जायचं ठरलं तेव्हा गटातले निम्म्याहून जास्त लोक येऊच शकत नव्हते. त्यांनी उशांचे अभ्रे पाठवले, प्रत्येकावर आपल्याला कशात २ गुण आहेत ते मार्करने लिहिलेलं. आम्ही अकरा जणांनी ते कठड्याला बांधले. एका अभ्र्यावर "केस धुवायला माझा मुल" एवढंच होतं, हात तिथे थांबला होता. तो आम्ही तसाच लावला. खासदारबाई बाहेर आल्या, त्याच अभ्र्यासमोर उभ्या राहिल्या आणि मुलाचं वय किती ते विचारलं.

देशभर अशा शेकडो ठिकाणांहून दबाव आला. मजूर पक्षाच्याच १२०हून अधिक खासदारांनी विधेयक अडवणाऱ्या दुरुस्तीवर सह्या केल्या. १ जुलैला मतदानाच्या जेमतेम दीड तास आधी सरकारने पिपचा तो भाग मागे घेतला. पूर्ण जिंकलो असं मी म्हणणार नाही. युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांच्या भत्त्यातला आजारपणाचा हप्ता बहुतेक नव्या अर्जदारांसाठी आठवड्याला ९७ पौंडांवरून ५० पौंडांवर आणायचं ठरलं, एप्रिल २०२६पासून. पिपचा प्रश्नही मंत्री स्टीफन टिम्स यांच्या आढाव्यावर ढकलला गेला, मिटलेला नाही.

बहिणीच्या भीतीबद्दल. ती भीती खोटी नाही, आमच्यातल्या बहुतेकांना आहे. पण पिपच्या नियमात "एकदा जमलं" याला अर्थ नाही. काम सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात जमायला हवं, तरच ते जमलं असं धरतात. एक दिवस बाहेर जाऊन पुढचे दोन दिवस उठता आलं नाही तर ते दोन दिवसच खरा पुरावा आहेत. तिने वहीत रोज दोन ओळी लिहाव्यात, तारखेसह. आम्ही न विचारता कोणाचाही फोटो टाकत नाही, तिने जोडलेल्या गटाला हे पहिल्या दिवशी विचारावं. आणि जायचंच नसेल तर जाऊ नये, अभ्रा पाठवावा.

सुरुवात मात्र तिने स्वतःच्या खासदाराला पत्र लिहून करावी. तयार मजकूर चिकटवू नका, तसली पत्रं गठ्ठ्याने मोजली जातात. तिच्या एका सकाळचं वर्णन, शेवटी एकच प्रश्न: तुम्ही कोणत्या बाजूने मत देणार? पत्ता आणि पोस्टकोड हवाच, नाहीतर मतदारसंघाबाहेरची म्हणून उत्तर येत नाही. भेट मागावी, कचेरीला पायऱ्या असतील तर व्हिडिओवर मागावी.

आमचा गट दर गुरुवारी दुपारी दोनला ऑनलाइन भेटतो. कॅमेरा बंद चालतो, पडून बोललेलं चालतं, मध्येच झोप लागली तरी कोणी उठवत नाही. तिला मला निरोप पाठवायला सांगा, मी दुवा देते.