मेंढ्यांमध्ये वाढलेली राखणदार पिल्ले नवीन मालकाला केव्हा आणि कशी द्यावीत?

आपली मारेम्मा (कळप राखणाऱ्या कुत्र्यांची इटालियन जात) पिल्ले सात आठवड्यांची आहेत, मेंढ्यांच्या वाड्यातच वाढली आहेत आणि मागणी करणाऱ्यांपैकी निम्मे लोक घरी पाळायला मोठा कुत्रा हवा म्हणून विचारत आहेत, असे आपण लिहिले आहे. याच जातीची तीन वेते मी वाढवली आहेत आणि पहिल्या वेळी घाई करून चुकलोही आहे.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, हा सर्वच जातींसाठीचा नियम आहे; राखणीची पिल्ले मात्र मी दहा ते बारा आठवडे ठेवतो. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात असते त्यांना ते आपले मानू लागते, आणि राखणीचे सारे काम या आपलेपणावरच उभे असते. ऑस्ट्रेलियातील वॉर्नमबूलजवळच्या मिडल बेटावर 2006 पासून मारेम्मा कुत्र्यांनी कोल्ह्यांपासून चक्क छोट्या पेंग्विनांची राखण केली आहे. म्हणजे सवय लावली तर मेंढीच हवी असे नाही. तरीही कोंबड्यांसाठी पिल्लू नेणाऱ्याला मी आधीच सावध करतो, कारण फडफडणारा पक्षी पाहून खेळावेसे न वाटणारे पिल्लू विरळाच असते.

जाहिरातीत 'तयार कुत्रा' असे लिहू नका. वाड्यात जन्म झाला म्हणजे शिक्षण पूर्ण झाले, असा समज बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असतो. पाच-सहा महिन्यांचे झाले की हेच गुणी पिल्लू कोकरांचा पाठलाग करते, लोकर ओढते, कान चावते आणि खेळाच्या भरात एखादे कोकरू दगावूही शकते. दीड ते दोन वर्षांचे होईपर्यंत त्याला देखरेखीविना नवजात कोकरांत सोडू नये. माझे परत आलेले दोन्ही कुत्रे याच वयाचे होते आणि दोष त्यांचा नव्हता.

मागणी करणाऱ्याला किमतीआधी पुढील गोष्टी विचारा: जनावरे आज त्याच्याकडे आहेत की पुढे घेणार आहे, कुंपण कसे आहे आणि रात्रभर चालणारे भुंकणे शेजाऱ्यांना सोसेल का. भुंकून दूर ठेवणे हीच या कुत्र्याची मुख्य युक्ती आहे, त्यामुळे ते बंद करण्याचा उपाय विचारणाऱ्याला मी पिल्लू देत नाही. एकाच वेताची दोन पिल्ले एकत्र नेण्याचा आग्रहही मी मोडून काढतो. ती परस्परांतच रमतात आणि मेंढ्यांकडे दुर्लक्ष करतात. घरी पाळणाऱ्यांना सरसकट नकार देऊ नये, कारण प्रत्येक वेतात मेंढ्यांपेक्षा माणसांमागे फिरणारे एखादे पिल्लू निघतेच. पण मोठेपणी त्याचे वजन चाळीस किलोच्या आसपास जाईल आणि ते उघड्या फाटकातून हद्द वाढवत दूरवर जाईल, हे त्यांना स्पष्ट सांगावे.

लसी आणि जंतनाशक यांचे वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घेऊन पिल्लासोबत द्या, आणि न जमल्यास पिल्लू आपल्याकडेच परत येईल, अशी अट कागदावर असू द्या. नेताना वाड्यातील थोडे अंथरूण बरोबर द्यावे आणि पहिल्या रात्री पिल्लाला घरात न घेता मेंढ्या दिसतील, पण त्यांची धडक बसणार नाही, अशा शेजारच्या कप्प्यात ठेवायला सांगावे.