वेटरला ‘टिप’ द्यावी, ‘बक्षीस’ द्यावे की ‘पोस्त’?

दादरच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉटेलात जेवण झाल्यावर बिलाव्यतिरिक्त वेटरसाठी जे पैसे आपण ठेवतो, त्यांना मराठीत नेमके काय म्हणावे? त्यांनी एकदा ‘वेटरला बक्षीस ठेव’ असे मुलाला सांगितले, तेव्हा ‘कसली स्पर्धा होती?’ असा प्रश्न त्याने केला. शिवाय हा शब्द ‘टिप’ असा लिहावा की ‘टीप’ असा, आणि ती रक्कम किती असावी हे सांगणारी काही रूढ भाषा मराठीत आहे का, हेही त्यांना हवे आहे.

माझे उत्तर आधीच देऊन टाकतो. ‘टिप’ हाच शब्द वापरावा, तो स्त्रीलिंगी मानावा आणि त्यातली ‘टि’ ह्रस्व लिहावी. मुलाची शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण ‘बक्षीस’ हा शब्द मराठीत कोठून कोठे सरकला आहे ते त्याने एका प्रश्नात दाखवून दिले.

ह्रस्वदीर्घाचा मुद्दा अगोदर संपवू. मराठी साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली राज्य शासनाने स्वीकारले, त्यांनुसार मराठी अकारान्त शब्दांतला उपान्त्य इकार दीर्घ लिहिला जातो, म्हणून वीट, कीस, चीक आणि अर्थातच टीप. इंग्रजीतून आलेल्या शब्दांच्या बाबतीत मात्र लेखनाची रूढी मूळ उच्चाराच्या बाजूने गेली आहे. आपण ‘बिल’ लिहितो, ‘बील’ लिहीत नाही, आणि ‘क्लिप’चेही तसेच आहे. बिल ह्रस्व लिहायचे आणि त्याच ताटलीत ठेवलेली टिप दीर्घ लिहायची, यात काही संगती नाही. त्याहून मोठे कारण असे की मराठीत दीर्घ ‘टीप’ आधीपासून घर करून बसलेली आहे आणि तिचा संसार मोठा आहे. पुस्तकात तळटीप असते, शिंपी टीप घालतो, गाणारा टिपेला जातो आणि पोलिसांना टीप मिळते. ‘वेटरला टिप दिली’ या वाक्यात दोघांचेही भले आहे, पण ‘वेटरने टीप दिली’ असे लिहिले तर त्या हॉटेलावर रात्री धाड पडलेली असणार. इंग्रजीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द पुरतो. आपल्याला लेखनात तरी दोन रूपे मिळाली आहेत, ती गमावू नयेत.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. ‘टिप’ म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ या तीन शब्दांची आद्याक्षरे, ही व्युत्पत्ती मोबाइलवर पुन्हा पुन्हा फिरत असते आणि ती खोटी आहे. या क्रियापदाचा ‘हातावर ठेवणे, देणे’ असा अर्थ सतराव्या शतकातल्या इंग्रज भामट्यांच्या बोलीत आढळतो, आणि आद्याक्षरांचे शब्द बनवण्याची हौस इंग्रजीत फार पुढे, मुख्यतः विसाव्या शतकात, वाढली.

आता ‘बक्षीस’. फारसीत ‘बख्शीदन’ हे क्रियापद देणे आणि क्षमा करणे या दोन्ही अर्थांनी चालते, आणि त्यावरून आलेला ‘बख्शिश’ हिंदी-उर्दूत आजही टिप याच अर्थाने वापरात आहे. तोच शब्द पश्चिमेकडे तुर्की आणि अरबीमार्गे इंग्रजीत शिरला, आणि तेथे पूर्वेकडच्या बंदरांत उतरणाऱ्या प्रवाशांच्या तक्रारींचा विषय झाला. मराठीने मात्र त्याला वेगळ्या वाटेने नेले. आपल्याकडे बक्षीस म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळते ते, किंवा कुस्तीच्या फडात मिळते ते. दुसरीकडे कायद्याच्या भाषेत ‘बक्षीसपत्र’ टिकून राहिले आहे, आणि त्यामागची कल्पना १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १२२व्या कलमात आहे: स्वेच्छेने आणि कोणताही मोबदला न घेता दिलेले, व घेणाऱ्याने स्वीकारलेले. टिप स्वेच्छेची असते हे खरे, परंतु ती मोबदल्यावाचून दिली असे कोण म्हणेल? माणसाने तीन वेळा गरम चपाती आणून वाढलेली असते.

मला ‘बक्षीस’ खटकण्याचे आणखी एक कारण आहे. देण्याघेण्याच्या आपल्या जुन्या शब्दांना दिशा असते. नजराणा खालून वर जातो. इनाम आणि बक्षीस वरून खाली येतात. सरदाराने शाहिराला कडे बक्षीस दिले हे वाक्य कानाला सरळ लागते, शाहिराने सरदाराला दिले म्हटले की वाक्य उलटे पडते. याउलट गावगाड्यातले बलुते हा बलुतेदाराचा हक्क होता, त्यात मेहेरबानीचा भाग नव्हता. टिप या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे. वेटर तिची वाट पाहतो, पण ती मागू शकत नाही. गिऱ्हाईक ती नाकारू शकते, पण नाकारून दरवाज्यापर्यंत जाताना त्याची पाठ जराशी अवघडते. हे नाते नेमके सांगणारा जुना मराठी शब्द मला तरी सापडलेला नाही, कारण हे नातेच आपल्याकडे उशिरा आले. पंगतीत वाढपी असे, पण तो बहुधा घरचा, भावकीतला नाहीतर शेजारचा असे, आणि गिरणगावातल्या खानावळीत जी बाई वाढत असे तीच खानावळीची मालकीण असे. मालकिणीला टिप कोण देणार?

‘पोस्त’ हा शब्द मात्र जवळ येतो, आणि तो नव्या पिढीच्या तोंडून जात चालला आहे म्हणून त्याविषयी चार वाक्ये जास्त लिहितो. दिवाळीला पोस्टमन, राखणदार, कचरा नेणारा, दूधवाला यांना जे पैसे दिले जातात ती पोस्त. चाळींमध्ये हा शब्दही आता झिजला असून नुसते ‘दिवाळी’ म्हटले जाते. ‘लिफ्टमन दिवाळी मागायला आला होता’ या वाक्याचा अर्थ मुंबईबाहेरच्या पाहुण्याला समजावून द्यावा लागतो. पोस्तीचे वैशिष्ट्य असे की ती मागता येते, आणि ती मागण्यात लाचारी मानली जात नाही, कारण तिच्यामागे वर्षभराची ओळख असते. एकदाच भेटलेल्या वेटरला पोस्त देता येत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर माटुंग्याच्या ज्या उडप्याकडे मी कित्येक वर्षे सकाळची कॉफी घेतो, तेथे एरवी मी दहाची नोट ठेवतो ती टिप असते, आणि धनत्रयोदशीच्या सुमारास जे पाकीट देतो ती पोस्त असते. तेथला वेटर तोंडाने काही मागत नाही. त्या आठवड्यात त्याचे ओले फडके माझ्या टेबलावर जरा अधिक वेळ फिरते इतकेच.

राहिलेले शब्द झटपट बाजूला काढता येतील. ‘चहापाणी’ हा मुळात निरुपद्रवी शब्द होता, पण सरकारी टेबलांवर राहून तो बिघडला, आणि ‘चिरीमिरी’ तर आता क्षुल्लक लाच याखेरीज दुसऱ्या अर्थाने कोणी वापरत नाही. ‘वरचे पैसे’ म्हणावे तर ‘वरकमाई’ची आठवण होते. ‘दस्तुरी’ म्हणजे मध्यस्थाने रिवाजाप्रमाणे घ्यायचा तुकडा, तिचा येथे संबंध नाही. ‘कृतज्ञताधन’ हा एका परिचितांनी सुचवलेला शब्द मी एका हॉटेलात मोठ्याने उच्चारून पाहिला, आणि समोरचा वेटर ‘संपले आहे’ म्हणाला.

शब्द उसना असला तरी त्याला जोडलेले क्रियापद अस्सल आपले आहे, आणि मला त्याचे अप्रूप वाटते. बक्षीस देतात, पोस्त मागतात, चिरीमिरी चारतात. टिप मात्र ‘ठेवतात’. विड्याच्या पानावर सुपारी आणि तिच्यावर दक्षिणा ठेवतात, तेथे हेच क्रियापद असते. हातातून हातात जाण्याऐवजी रक्कम मधल्या एका वस्तूवर विसावते, आणि देणाऱ्याघेणाऱ्याची नजरानजर टळते. बिलाची ताटली आठवा: एका बाजूला बडीशेप, चार खडीसाखरेचे खडे, बिलाचा दुमडलेला कागद आणि त्याखालून डोकावणारे नोटेचे टोक. सुटे परत आल्यावर आपण त्यातले काही उचलतो, काही तसेच ठेवतो आणि ‘राहू द्या’ म्हणतो. हल्ली काही तरुण ‘सुटे तुम्हीच ठेवा’ म्हणतात. त्यामागे इंग्रजी वाक्य स्पष्ट दिसते. ‘राहू द्या’मध्ये कोणी, काय आणि कोणासाठी हे तिन्ही गाळलेले आहे, आणि ते गाळण्यातच त्या बोलण्याचे सौजन्य आहे. वेटर वयाने कितीही लहान असला तरी येथे ‘राहू दे’पेक्षा ‘राहू द्या’ शोभते, असे माझे मत आहे.

किती ठेवावी, या प्रश्नालाही जुन्या बोलीत उत्तर देता येते. १९५७ साली दशमान नाणी येण्यापूर्वी सोळा आण्यांचा रुपया होता, आणि असले हिशेब ‘रुपयामागे आणा’ किंवा ‘शेकडा दहा’ या भाषेत होत. बसून जेवण्याच्या मुंबईतल्या मध्यम हॉटेलांत आज जे शेकडा पाच ते दहा दिले जातात, ते रुपयामागे एक ते दीड आण्याच्या आसपास पडतात. आठशे रुपयांच्या बिलावर रुपयामागे आणा धरला तर बरोबर पन्नास होतात आणि दीड आणा धरला तर पंचाहत्तर. म्हणजे नोटांच्याही दृष्टीने हा हिशेब सोयीचा आहे. उडप्याकडे इडली-कॉफी घेतली तर टक्केवारी काढत बसू नये, दहा-वीस रुपये पुरतात. जेथे आपणच काउंटरवरून ताट उचलून आणतो तेथे काही ठेवले नाही तरी चालते. अमेरिकेतली पंधरा ते वीस टक्क्यांची चाल येथे आणू नये. तेथे टिप मिळवणाऱ्या कामगाराचे संघराज्यीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर थांबलेले आहे आणि उरलेला पगार गिऱ्हाइकाने भरावा अशीच ती व्यवस्था आहे. अशा रकमेला ‘बक्षीस’ म्हणणे तर चूकच ठरेल.

टक्केवारी मूळ रकमेवर धरावी, करासह झालेल्या बेरजेवर नाही. येथे आणखी एक शब्दघोटाळा होतो. मुंबईतल्याच एका हॉटेलात (नाव सांगत नाही) मराठीत छापलेल्या सूचनेत ‘दहा टक्के सेवाकर’ असे लिहिलेले मी वाचले आणि चुकते केले. घरी आल्यावर लक्षात आले की सेवाकर हा सरकारी कर होता आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हाच तो त्यात विलीन झाला. मी भरले ते हॉटेलाने लावलेले सर्व्हिस चार्ज होते. वर्तमानपत्रे त्याला ‘सेवाशुल्क’ म्हणतात. माझी पसंती ‘सेवा आकार’ या शब्दाला आहे, आणि त्याचा आधार आपल्या विजेच्या बिलात आहे: तेथे कंपनी घेते तो ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’, तर सरकारकडे जाते ते ‘वीज शुल्क’. मुद्रांक शुल्क आणि उत्पादन शुल्कही सरकारचीच. शाळेच्या बाबतीत आपण ‘शुल्क’ सर्रास वापरतो हे मान्य करूनही, हॉटेलाच्या बिलावर ‘शुल्क’ हा शब्द दिसला की ते देणे सक्तीचे आहे असा समज होतो, आणि तो समज हॉटेलवाल्याच्या पथ्यावर पडतो.

वस्तुतः ते सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलाला हा आकार बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही घेता येत नाही. हॉटेलचालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. तेथे सूचनांना आधी स्थगिती मिळाली, पण २८ मार्च २०२५ रोजी एकसदस्य पीठाने त्या वैध ठरवल्या आणि त्यावर पुढे अपील झाले. बिलात असा आकार दिसला तर तो काढायला सांगावा, आणि मग हव्या त्या रकमेची टिप वेगळी ठेवावी. आकार भरून वर पुन्हा टिप ठेवणे म्हणजे एकाच वाढण्याचे दोनदा पैसे मोजणे होय.

‘ठेवणे’ या क्रियापदाला मात्र आता धोका निर्माण झालेला दिसतो. मोबाइलवरून पैसे भरले की सुटे परत येत नाहीत, ताटली रिकामी राहते आणि ‘राहू द्या’ म्हणण्याजोगे काही उरत नाही. गल्ल्यावरच्या क्यूआर कोडच्या चौकोनावर जास्तीची रक्कम भरली तर ती मालकाच्या खात्यात जाते, हे वेटरला आपल्याआधी ठाऊक असते. मागच्याच आठवड्यात माटुंग्याच्या त्या वेटरने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हटले, “काका, गल्ल्यावर बिलाचे तेवढेच टाका, बाकीचे इकडे टाका.” ‘ठेवा’चे ‘टाका’ झाले, पण टिप, बक्षीस, पोस्त यांपैकी एकही नाम त्याला लागले नाही, आणि मला त्याचे म्हणणे पूर्ण कळले.