हॉलमार्क या अमेरिकन टीव्ही चॅनलच्या मर्डर मिस्ट्री मूव्हीजमध्ये खुनी अर्ध्यातच कळतो, मग लोक त्या एवढ्या का बघतात? आणि बघायच्याच तर कुठून सुरुवात करू?

खुनी कळतो हे खरंय, मलाही बऱ्याचदा कळतो. पोलीस ज्याला पहिल्यांदा पकडतात तो कधीच नसतो, तो नायिकेचा भाऊ, मैत्रीण, जुना बॉस असा कोणीतरी असतो आणि त्याला सोडवायलाच तर बाई यात पडते. जो सगळ्यांशी गोड बोलतो, दोन-तीनदाच दिसतो आणि ज्याचं मेलेल्या माणसाशी काही वाकडं होतं असं वाटत नाही, त्याच्यावर खुशाल बोट ठेवा. त्यामुळे कोडं म्हणून बघायला गेलात तर वैतागाल.

मी बघते ते वेगळ्याच गोष्टीसाठी, ती म्हणजे त्या बाईचा धंदा. ही पोलीस नाही, हिच्याकडे वॉरंट नाही, लॅब नाही, मग लोकांनी हिला काय म्हणून सांगायचं आणि पोलिसांना दिसलं नाही ते हिलाच का दिसावं? याचं उत्तर जिथे तिच्या कामातून येतं तो सिनेमा जमतो, आणि जिथे नुसतंच 'मला आतून वाटतंय' असतं तिथे मी सरळ भाजी निवडायला घेते.

उदाहरणार्थ मर्डर शी बेक्ड ही सिनेमांची मालिका, 2015 ला सुरू झाली, जोॲन फ्लूकच्या कादंबऱ्यांवरून. ॲलिसन स्वीनी हॅना स्वेन्सन झालीय, मिनेसोटातल्या लेक ईडन नावाच्या काल्पनिक गावात तिची कुकीची बेकरी आहे. आता बेकरीत कोण येत नाही? मेयरपासून शाळेच्या मास्तरांपर्यंत सगळे येतात, काउंटरवर उभ्या-उभ्या बडबडतात, आणि कोणाच्या घरी चौकशीला जायचं तर हातात कुकीजचा डबा असला की दार कोणीही उघडतं, म्हणजे इन्स्पेक्टरला जिथे वकिलाचा नंबर मिळतो तिथे हिला कॉफी मिळते. (मूळ पुस्तकांत मधेमधे चक्क रेसिपी छापलेल्या असतात.)

दुसरी गराज सेल मिस्ट्री. यात जेनिफर लोकांच्या घरचं जुनं सामान विकत घेऊन आपल्या दुकानात विकते, त्यामुळे घरात शिरल्या-शिरल्या कुठली वस्तू जागेवर नाही, कुठली नकली आहे हे तिच्या नजरेला आपोआप दिसतं. मला ही कल्पना सगळ्यात आवडते कारण पुरावा आणि धंदा एकच होऊन जातो. पण ही मालिका 2019 मध्ये एकदम थांबली, नायिका लोरी लॉक्लिन अमेरिकेतल्या पैसे चारून कॉलेजात ॲडमिशन मिळवायच्या घोटाळ्यात सापडली आणि चॅनलने तिच्याशी संबंध तोडले. पडद्यावर इतरांच्या भानगडी उकरणारी बाई खऱ्या केसमध्ये, काय बोलणार.

ऑरोरा टीगार्डन सगळ्यात गाजलेली. शार्लेन हॅरिसच्या पुस्तकांवरून आहे, नायिका लायब्ररीत काम करते आणि जुन्या खऱ्या खुनांवर चर्चा करणाऱ्या क्लबात असते. पहिल्या सिनेमात तिला वारशाने एक घर मिळतं आणि त्यात कवटी सापडते, सुरुवात म्हणून झकास आहे. शिवाय तिची आई घरं विकायचा धंदा करते, म्हणजे गावातल्या कुठल्याही बंद घराची किल्ली मिळायची सोय घरातच! लेखकांनी हे मुद्दाम केलं असेल तर मानलं पाहिजे.

क्रॉसवर्ड मिस्ट्रीज मात्र मला थोडी ओढूनताणून वाटते, पेपरात शब्दकोडं बनवणारी बाई कोड्यांवरून खुनापर्यंत जाते ते एकदा ठीक आहे, दरवेळी नाही.

आता ज्या गोष्टींनी तुम्ही वैतागला असाल त्याही सांगते. दर पंधरा मिनिटांनी नायिका आणि तिची मैत्रीण किचनमध्ये उभ्या राहून सगळे संशयित परत मोजतात ना, ते का, तर हे सिनेमे जाहिरातींसकट दोन तासांच्या स्लॉटसाठी बनतात, सिनेमा स्वतः दीड तासाहूनही कमी, आणि ब्रेकनंतर चॅनल लावणाऱ्याला गाडीत बसवून घ्यायला लागतं. जाहिरातींशिवाय सलग बघितलं की ते फारच खटकतं. गावं सगळी सारखी दिसतात कारण बरंचसं शूटिंग कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये होतं. रक्त नसतं, प्रेत जेमतेम क्षणभर दिसतं, डिटेक्टिव्ह 'तू यात पडू नकोस' म्हणतो आणि ही पडते, शेवटी फोन जवळ असूनही खुन्याला एकटी भेटायला जाते आणि तो तिला मारायच्या आधी सगळं सविस्तर सांगत बसतो. हे बदलणार नाही, हे असंच असतं, कीर्तनात गजर कधी येणार हे माहीत असतं तरी आपण बसतोच की.

या सगळ्यांची आजी म्हणजे मर्डर शी रोट, 1984 ते 1996, 264 भाग, नायिका अँजेला लान्सबरी. ती सिनेमांची नाही, भागांची टीव्ही मालिका आहे, पण कॅबट कोव्हसारख्या एवढ्याशा गावात इतके खून कसे हा विनोद तिच्यापासूनच चालत आलाय.

तुम्ही पहिली ऑरोरा बघा, मग मर्डर शी बेक्ड, ती क्रमाने, कारण हॅनाच्या मागे दोन पुरुष आहेत आणि ते प्रकरण पुढे-पुढे सरकतं. ऑरोराचे पुढचे कुठूनही चालतील. मिस्ट्री 101 पण चांगली आहे, कॉलेजात रहस्यकथा शिकवणारी प्रोफेसर, पण सातवा सिनेमा 2021 मध्ये अशा जागी तोडून ठेवलाय की पुढे काय झालं ते कळतच नाही, त्यामुळे तयारी असेल तरच हात लावा.