लस कपाटात, पेशंट जिल्ह्याला

प्रश्न : लावणीच्या वेळी माझ्या दिराला फुरसं चावलं. आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरची लस होती, तरी नुसतं सलाईन लावून जिल्हा रुग्णालयात पाठवलं. वाटेत दोन तास गेले. जीव वाचला, पण पायाची जखम भरत नाही. सरकार लस देतं, मग टोचत का नाहीत?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, माझी सगळी नोकरी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली, म्हणून सरळ सांगते. बहुतेक वेळा घोडं भीतीपाशी अडतं. ही लस घोड्याच्या रक्तातल्या प्रतिद्रव्यांपासून करतात. काहींना तिची जोराची रिॲक्शन येते, रक्तदाब पडतो, घसा आवळतो. रात्री एकटा नवखा डॉक्टर, सोबत एक सिस्टर, बाहेर पन्नास माणसं. ‘इंजेक्शन दिलं आणि माणूस गेला’ हे कुणालाच ऐकायचं नसतं. पण त्या रिॲक्शनवर ॲड्रेनलिन हा खात्रीचा उपाय आहे, आणि ते द्यायला मोठं रुग्णालय लागत नाही.

विष भिनलं का, हे तिथेच तपासता येतं. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखं ओघळलं, तर विष भिनलं आहे. मग लसीच्या पहिल्या १० कुप्या तिथेच सुरू करायच्या आणि नंतर १०८ बोलवायची. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. मण्यारीचं वेगळं. तिच्या विषाने श्वास बंद पडतो, म्हणून लसीबरोबर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत राहणारा शिकलेला हात हवा. त्यामुळे नुसत्या कुप्या पुरवून भागत नाही, प्रत्येक पावसाळ्याआधी डॉक्टर-सिस्टरांकडून याचा सराव करून घ्यायला हवा. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, तेव्हा हे काम राज्याचंच.

दुसरं, नोंद. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. सरकारी आकडे त्याच्या जवळपासही नाहीत, कारण घरी किंवा मांत्रिकाच्या दारात गेलेला माणूस दवाखान्याच्या वहीत येत नाही. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने सगळ्याच राज्यांना तसं करायला सांगितलं. सक्ती म्हणजे खासगी दवाखान्यालाही प्रत्येक दंश, प्रत्येक मृत्यू कळवावा लागतो. कुठल्या तालुक्याला किती कुप्या लागतील, हे त्याशिवाय ठरवायचं कशावर?

तुम्ही ग्रामसभेत विचारा : केंद्रात आज कुप्या किती, ॲड्रेनलिन आहे का, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांचं सर्पदंशाचं प्रशिक्षण झालं आहे का? उत्तर लेखी मागा.

दिरांच्या जखमेवरचे उपचार मात्र लांबवू नका. मांस काळं पडलं असेल किंवा पू येत असेल, तर जिल्हा रुग्णालयात सर्जनला दाखवा आणि तिथेच क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम कळणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.