उद्यावर ढकललेली पाच कामं

प्रश्न : काकू, मी ४७ वर्षांची, कर्वेनगरला राहते, बँकेत नोकरी. मोबाइलमधल्या यादीत वर्षभर पाच कामं मुक्काम ठोकून आहेत : आजीच्या पाककृतींच्या तीन वह्या टाइप करणं, मोडी शिकणं, जुने फोटो स्कॅन करणं, गच्चीतली बाग आणि भोरकडच्या शेतावर वडिलांनंतरची वारसनोंद. आई ७९ वर्षांची, माझ्याजवळच असते. पाच कामांना पाच वार वाटून दिले, तेही महिन्यात बारगळलं. एक घेऊन बसले की उरलेली चार डोळ्यांपुढे नाचतात. काय सोडू?

उत्तर : सोडायचं नंतर बघू. आधी बाग यादीतून काढा. कुंड्यांना पाणी घालणं म्हणजे केर काढण्यासारखं, ते कधी 'झालं' म्हणता येणार? वारसनोंदही तिथली नव्हे. तलाठ्याकडे अर्ज देणं एवढंच तुमच्या हातात. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, घातला की हरकतींसाठी १५ दिवस जातातच, तेव्हा रोज यादी उघडून काय उपयोग? भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली लिहा, 'चौकशीला जाणे', आणि विसरा.

उरली तीन. इथे माझ्या धंद्यातलं सांगते. आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायचे. खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचा, जमाना. पुस्तक चारशे पानांचं असो, आमच्या लेखी काम असायचं एका फर्म्याचं, १६ पानांचं. टाइप मोजकाच. छापून झालेल्या पानांचे खिळे सोडवून परत खणांत पडल्याशिवाय पुढची पानं जुळवायला अक्षरंच नसायची. मालकांनी हावरटपणाने तीन पुस्तकं एकदम घेतली, की तिन्ही अर्धवट जुळवून दोरा बांधून पडायची आणि आम्ही चहा पीत बसायचो. तुमचे खिळे म्हणजे जेवणानंतरचा पाऊण तास. तो तुम्ही पाच ठिकाणी अडकवून ठेवलाय. वारांची वाटणीही त्यामुळेच फसली : मंगळवारी ठेवलेलं पुढच्या मंगळवारी उचलताना निम्मा वेळ 'कुठवर आले होते?' यातच जातो.

लॉ कॉलेज रोडवरच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं, १९ खंडांत. पण आदिपर्वाचा पहिला छोटा भाग १९२७ मध्येच छापून बाहेर पडला होता. अख्खं आदिपर्व १९३३ मध्ये. सत्तेचाळीस वर्षांचं कामसुद्धा असं पातळ पातळ कापूनच उरकतं.

तेव्हा वह्या आधी. आजीने 'गूळ अंदाजाने' लिहिलं असेल, तर तो अंदाज आज फक्त तुमच्या आईच्या हातात आहे. हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही. यादीत मात्र 'आजीच्या वह्या' असं लिहू नका, त्याने छातीच दडपते. 'पहिली वही, पान १ ते ८, आईला मापं विचारणे' असं लिहा. ते झालं, की पुढची आठ पानं.

मोडीला रोज दहा मिनिटं, बँकेतल्या डब्याच्या सुट्टीत. लिपी महिनाभर बाजूला ठेवली की पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ. हा माझा उर्दूचा अनुभव, दोनदा घेतलेला.

फोटो बंद करा. खरंच बंद. पावसाळ्याची ओल लागणार नाही अशा कोरड्या डब्यात ठेवा आणि वर चिठ्ठी चिकटवा : शेवटचा स्कॅन कोणता, पुढचा अल्बम कोणता. वह्या संपेपर्यंत तो डबा उघडायचा नाही, नणंद कितीही आग्रह करो.

चिठ्ठीचा कंटाळा करू नका. मी चार वर्षांपूर्वी नातवाची गोधडी अर्धी शिवून अशीच गुंडाळून ठेवली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. परवा उलगडली, तर लाल चौकड्याच्या शेजारी कोणता तुकडा योजला होता, ते मलाच कळेना. नातू आता पहिलीत आहे.