सोसायटीच्या सॉफ्टनरचं पाणी स्टीम क्लीनरमध्ये भरलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की चांदिवलीला चौदाव्या मजल्यावर राहता. स्वयंपाकघरात म्युनिसिपालटीचं पाणी येतं आणि बाथरूमला बोअर-टँकरचं, सोसायटीच्या सॉफ्टनरमधून, म्हणजे पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातून. दिवाळीच्या साफसफाईसाठी स्टीमर घेतलात, दुकानदार म्हणाला "सॉफ्टनरचं पाणी आहे ना, बिनधास्त भरा". तीन आठवड्यांत वाफ मंदावली आणि टाइल्सवर पांढरे ठिपके उमटायला लागले. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर सॉफ्टनरनंतरही ६२० दाखवतो, म्हणून सॉफ्टनरच बोगस आहे का, आणि स्टीमरचा घरात खरंच उपयोग होतो का, असंही विचारलंय.

आधी उत्तर सांगून टाकते. स्टीमरमध्ये स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी भरा. सॉफ्टनर बहुतेक नीट चालतोय. चुकलाय तो दुकानदार.

मी इंजिनिअर वगैरे नाही. पण माझ्या दिरांची गिरगावात लाँड्री होती आणि मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीचा छोटा बॉयलर होता. रोज संध्याकाळी भाऊजी त्याचा खालचा कॉक उघडून बादलीभर गढूळ, कढत पाणी मोरीत सोडून द्यायचे. मी नवीन होते, मला वाटलं गरम पाण्याची केवढी ही नासाडी. एकदा विचारलंच. म्हणाले, "वहिनी, वाफ उडून जाते, क्षार कुठे जातो?" पुढे रिडेव्हलपमेंटमध्ये गिरगाव सुटलं, आम्ही कांदिवलीला आलो, मुलाने हौसेने स्टीमर आणला आणि तेव्हा कुठे ते वाक्य मला खऱ्या अर्थाने कळलं. तुमचा स्टीमर म्हणजे तोच बॉयलर, फक्त हातात मावणारा आणि खालचा कॉक नसलेला.

हिशेब करून बघा. टीडीएस ६२० म्हणजे एका लिटरमध्ये साधारण ६२० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. वाफेबरोबर ते उडत नाहीत, टाकीतच राहतात. वीस लिटर पाणी वापरलंत तर बारा ग्रॅमच्या वर, म्हणजे दोन चमचे मिठाएवढा ऐवज त्या एवढ्याशा टाकीत आणि केसासारख्या बारीक नळीत. त्यातला काही तुम्ही टाकी ओतून देता तेव्हा निघतो. तुम्ही टाकी ओतून देत नसणार, आम्हीही देत नव्हतो. उरलेल्या पाण्यावर नवीन भरायचं, हीच सगळ्यांची सवय.

आता सॉफ्टनर. शाळेत आपल्याला "दुष्फेन" आणि "सुफेन" पाणी शिकवलं होतं, आठवतं का? फेन म्हणजे फेस. साबणाला फेस येऊ देत नाही ते दुष्फेन. तो फेस मारतात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात, ते या दोघांना धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने त्यांना पुन्हा ताजं करायचं, त्यासाठीच तुमचा प्लंबर पोत्याने मीठ आणतो. म्हणजे पाण्यातून काही कमी झालं असं नाही, अदलाबदल झाली. कॅल्शियमचे ४० मिलिग्रॅम गेले तर सोडियमचे ४६ आले. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, त्याला कॅल्शियम काय आणि सोडियम काय, दोन्ही सारखेच. आकडा तेवढाच राहणार, थोडा वाढूही शकतो. तेव्हा ६२० बघून सेक्रेटरींशी भांडू नका.

सॉफ्टनर तपासायचाय? अर्धी बाटली बाथरूमचं पाणी घ्या, साध्या साबणाचा नखाएवढा किस टाका आणि जोरात हलवा. (डिटर्जंट नको, तो दुष्फेन पाण्यातही फेसाळतो.) दाट फेस आला आणि खाली पाणी स्वच्छ राहिलं तर सॉफ्टनर काम करतोय. फेस नाही आणि दह्याच्या निवळीसारखं पाणी झालं तर मीठ संपलंय. आमच्याकडे वर्षातून दोनदा तरी हे होतं, कारण मीठ टाकायचं काम नक्की कोणाचं, हे जनरल बॉडीत अजून ठरायचंय.

मग सॉफ्टनरच्या पाण्याने स्टीमर का बिघडतो? दगडासारखा थर त्याने बसत नाही, हे खरं. पण बोअरच्या पाण्यातला कठीणपणा बराचसा बायकार्बोनेटच्या रूपात असतो. सॉफ्टनरमधून गेल्यावर त्याचा सोडियम बायकार्बोनेट होतो, म्हणजे चक्क खाण्याचा सोडा. तो तापवत राहिलात की त्याचा धुण्याचा सोडा होतो. टाकीत हे पाणी जसजसं आटतं तसतसं सोडा आणि मीठ यांचं दाट द्रावण तयार होतं, ते फेसाळतं आणि वाफेबरोबर त्याचे तुषार बाहेर उडतात. टाइल्सवर सुकले की पांढरे ठिपके. टाकी अॅल्युमिनियमची असेल तर हा सोडा तिलाही खातो. म्हणूनच स्टीम इस्त्र्यांच्या कितीतरी माहितीपुस्तिकांत "रासायनिक पद्धतीने मृदू केलेलं पाणी वापरू नये" असं लिहिलेलं असतं. कोणी वाचत नाही ते सोडा.

ठिपके कसले आहेत ते घरीच कळतं. ओल्या फडक्याने सहज गेले तर सोडियमचे. नाही गेले आणि लिंबाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर कॅल्शियमचे, म्हणजे सॉफ्टनर मध्येच कधीतरी झोपला होता.

मुंबईकरांनी पाण्यावर कितीही कुरकुर केली तरी नळाच्या पाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा, सातही तलाव पावसाच्या पाण्याचे. डोंगरावर पडलेला पाऊस काळ्या कातळावरून आणि जंगलातून थेट तलावात येतो, जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षं मुरून क्षार गोळा करायला त्याला वेळच मिळत नाही. माझ्या मीटरवर स्वयंपाकघरचं पाणी ७० ते ८० दाखवतं. तेच बोअरचं पाणी खडकाच्या भेगांत पडून असतं, आणि समुद्राजवळच्या भागात तर खारं पाणीही आत शिरतं. माझ्या सासूबाईंना मीटर लागायचा नाही. "डाळ शिजत नाही, पाणी जड आहे" म्हणायच्या, आणि ते खरंच असतं, कॅल्शियममुळे डाळ मऊ पडत नाही.

म्हणून स्टीमरला नळाचं पाणी. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं, त्याचा तुम्हाला खर्च करायची गरज नाही. शिवाय काही यंत्रांतल्या पाण्याच्या सेन्सरला अगदी शुद्ध पाणी ओळखता येत नाही, पुस्तिकेत बघा. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत जमवून इस्त्रीत घालणारे माझ्या मजल्यावर दोघं आहेत. त्यात क्षार कमी असतात हे बरोबर, पण कॉइलवरची धूळ आणि बुरशी असते, आणि तिची वाफ घरभर उडवण्यात काय अर्थ? आरओचं फुकट जाणारं पाणी तर अजिबात नको. फरशी पुसायला ठीक, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

आता बिघडलेलं यंत्र. आधी पूर्ण थंड होऊ द्या. झाकण उघडण्याआधी ट्रिगर दाबून उरलेली वाफ सोडा, कारण आत दाब असताना झाकण फिरवलं की हात आणि तोंड दोन्ही भाजतं. लाँड्रीतल्या एका मुलाच्या हातावर आयुष्यभराचा डाग मी बघितलाय. मग टाकी दोन-तीनदा नळाच्या पाण्याने खळखळून ओता. पांढऱ्या बादलीत ओता म्हणजे काय निघतंय ते दिसेल. नुसतंच गढूळ, बुळबुळीत पाणी आलं तर सोडा होता, काम झालं. खडे किंवा पापुद्रे आले तर एक लिटर कोमट पाण्यात दोन सपाट चमचे लिंबूसत्व विरघळवा (ढोकळ्यात घालतो तेच), टाकीत भरून तासभर ठेवा, यंत्र सुरू न करता. कढत पाणी घेऊ नका, लिंबूसत्व आणि कॅल्शियमचा नवाच थर त्यात तयार होतो. नंतर तीन वेळा धुवा. व्हिनेगर घालून वाफ सोडायचा प्रयोग मी केलाय. डोळे चुरचुरले, आणि दोन दिवस घराला लोणच्याच्या बरणीचा वास होता.

आणखी एक गाढवपणा केला होता. ते लिंबूसत्वाचं पाणी बाथरूमच्या दारात ओतलं. आमचा उंबरठा मार्बलचा. टाकीतला थर आणि मार्बल, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, आम्लाला त्यांच्यात फरक कसा कळणार? वितभर जागेची चकाकी गेली ती गेलीच.

यावरूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, स्टीमरचा घरात खरंच उपयोग होतो का. होतो, पण लोक तो भलत्याच जागी वापरतात. वाफ तेलकटपणा वितळवते, क्षार विरघळवत नाही. शॉवरच्या काचेवरचे पांढरे ओघळ, नळाच्या मुळाशी बसलेला खडू, यावर तासभर वाफ मारलीत तरी फक्त घाम येईल. तिथे लिंबूसत्व लावा, क्रोमवर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका आणि अॅसिडच्या बाटलीजवळ ब्लीच कधीही आणू नका, क्लोरीन वायू निघतो. पण शेगडीमागच्या टाइल्स, एक्झॉस्टच्या जाळीचा चिकट राप, फ्रिजच्या दाराचं रबर, सरकत्या खिडकीची पट्टी, तिथे मात्र वाफ मारायची आणि लगेच फडक्याने पुसायचं. नाहीतर सुटलेला मळ तिथेच परत बसतो. ट्रॉलीच्या सनमायकाच्या कडांपासून आणि स्विचबोर्डापासून लांब राहा. गादीला ढेकणांसाठी वाफ द्यायची असेल तर नोझल अगदी सावकाश शिवणीवरून फिरवा. ५० अंशांच्या वर ढेकूण आणि अंडी मरतात, पण घाईत वाफ आतपर्यंत पोचत नाही. आणि हे ऑक्टोबरच्या उन्हात करा, जुलैत गादी वाळणार नाही आणि ढेकणांऐवजी बुरशी पाळाल.

स्टीमर १५०० वॅटचा असेल तर साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर लावू नका, गिझरचा किंवा वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा सॉकेट घ्या.

सॉफ्टनरच्या पाण्याचा खरा फायदा गिझर आणि वॉशिंग मशीनला आहे. पावडर अर्ध्यावर आणा, नाहीतर कपडे धुवून संपत नाहीत. अंघोळीनंतर अंग बुळबुळीत वाटतं, साबण राहिलाय असं वाटून बादलीभर जास्त पाणी जातं, त्याची सवय होते. कुंड्यांना ते पाणी घालू नका, सोडियमने माती बिघडते. प्यायला आणि स्वयंपाकालाही नको, विशेषतः घरात कोणाला बीपी असेल तर. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणाचं पाणी मृदू करताना लिटरमागे जवळपास १३८ मिलिग्रॅम सोडियम वाढतं.

सोसायटीकडून एकच गोष्ट मागा, टीडीएस मीटरऐवजी थेंब टाकून रंग बदलणारं कठीणपणाचं किट. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक (आयएस १०५००) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा ठीक मानतं, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. तुमच्या टँकरचं किती भरतं ते सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर मोजून वॉचमनच्या वहीत लिहून ठेवायला सांगा. मीठ कधी संपलं यावरून होणारी भांडणं आमच्याकडे तरी त्या वहीने मिटवली.